अकर्तव्याचा भार

राज्याच्या रक्षणासाठी असत्य बोलणे क्षम्य आहे काय, हा प्रश्न राजांना, सेनापतींना आणि मुत्सद्द्यांना फार प्राचीन काळापासून विचारला गेला आहे, आणि त्यांनी आपापल्या प्रसंगानुरूप त्याची उत्तरेही दिली आहेत; परंतु ज्याने कधी शस्त्र हाती धरले नाही, ज्याच्या नावे सरकारी दफ्तरात कसलीही नेमणूक नाही, ज्याचा संसार कारखान्याच्या पगारावर, दुकानाच्या खातेवहीवर किंवा संत्र्याच्या बागेवर चालतो, अशा एखाद्या सामान्य गृहस्थाला राज्यसंस्थेने एके दिवशी गाठून ‘शत्रूचा माणूस तुझ्याकडे आला आहे, तू त्याचाच आहेस असे त्याला भासू दे, त्याचा पैसा घे, त्याची कामे कर, आणि त्याचा प्रत्येक शब्द आमच्याकडे आणून दे’ असे सांगितले, तर त्या गृहस्थाच्या धर्माचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो; कारण राजाला राजधर्माचे कवच असते, सैनिकाला गणवेशाचे असते, पण या गृहस्थाजवळ स्वतःच्या शब्दावाचून दुसरे काही नसते, आणि नेमका तोच शब्द त्याच्याकडून मागितला जातो.

असा प्रसंग दूरदेशीच उद्भवतो असे मानण्याचे कारण नाही. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर तहसिलात बोरगाव आहे. तेथील औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापड गिरणी आहे, इतरही कारखाने आहेत, आणि घरी मराठी बोलणारे व कचेरीत हिंदीत लिहिणारे शेकडो लोक तेथे रोज कामावर येतात. आजच्या काळात राज्याची गुपिते केवळ किल्ल्याच्या तटामागे किंवा सचिवालयाच्या कपाटात राहत नाहीत. ती खरेदीच्या कागदांत, यंत्रांच्या नकाशांत, मालमोटारींच्या नोंदवहीत विखुरलेली असतात, आणि त्यामुळे शत्रूच्या हेराला सेनापतीपेक्षा एखादा भांडारपाल किंवा हिशेबनीस अधिक उपयोगी पडतो. जिथे शत्रू पोचतो तिथे त्याच्या मागावर आपले प्रतिहेरखातेही पोचते. अशा ठिकाणच्या एखाद्या हिशेबनिसाची आपण कल्पना करावी आणि पुढील सर्व विचार त्याला डोळ्यांसमोर ठेवून करावा, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

या मुलखाच्या लोकांना दुहेरी निष्ठेविषयी मुद्दाम काही शिकवावे लागत नाही. देवगडच्या गोंड राजांकडून हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला, भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन तो पांढुर्णा जिल्हा झाला. येथील माणसाचे मामेघर काटोलला किंवा सावनेरला असते आणि सातबारा सौंसरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव येथले लोक दोन्ही तीरांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. या गोटमारीत माणसे रक्तबंबाळ होतात, काही प्राणासही मुकली आहेत, आणि तिचे समर्थन मला करवत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला स्पर्श करते. त्या दोन गावांत सोयरिकी आहेत. एका तीरावर जावई असतो आणि दुसऱ्यावर मेहुणा. तरी कोण कोणत्या तीरावर उभा आहे हे साऱ्यांना दिसत असते, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांच्या घरी जाता येते. माणसाला दोन गावे, दोन भाषा, दोन राज्ये आपली वाटावीत यात फितुरी नाही. फितुरीचा प्रश्न तेव्हा उत्पन्न होतो जेव्हा दोन्ही तीरांवरच्या लोकांना हा आपलाच असे वाटते आणि खरे काय ते एकालाच ठाऊक असते.

कौटिल्याने या माणसाला ‘उभयवेतन’ म्हटले आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली अर्थशास्त्राची संहिता छापली आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून पहिल्या अधिकरणातील गूढपुरुषांची प्रकरणे आपल्यापुढे आहेत. त्यांतला ‘गृहपतिक’ पाहावा: ज्याची उपजीविका बुडाली आहे, पण जो बुद्धिमान आणि शुचिर्भूत आहे, असा शेतकरी, त्याला जमीन द्यावी, शेती करू द्यावी आणि हेर करावा. तसाच ‘वैदेहक’, म्हणजे धंद्यात बसलेला व्यापारी. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या राजनीतिज्ञाला हे पक्के कळले होते की उत्तम हेर सामान्य गृहस्थांतूनच मिळतो आणि तोही अडचणीत सापडलेल्या. शत्रूचे वेतन घेऊन आपल्यासाठी काम करणाऱ्या उभयवेतनाच्या बाबतीत त्याने जी तजवीज सांगितली आहे ती वाचून मात्र मन थबकते: अशा माणसाची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत. कौटिल्य निर्दय होता म्हणून त्याने हे लिहिले असे मला वाटत नाही. ज्याला आपण खोटे बोलायला शिकवले त्याच्या खरेपणाची खातरजमा करण्याचा कोणताही मार्ग आपल्यापाशी उरत नाही, हे त्याने ओळखले होते, आणि म्हणून शब्दाच्या जागी त्याने ओलीस ठेवले.

ही खातरजमा पुढे इतिहासालाही करता येत नाही, याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला, त्यापूर्वी दोन्ही बाजूंचे वकील येऊन-जाऊन होते. सभासदाच्या बखरीप्रमाणे कृष्णाजी भास्कर हा खानाचा हेजीब आणि पंताजी गोपीनाथ हा शिवाजी महाराजांचा; महाराजांनी पंताजीला खानाच्या गोटात पाठवले आणि तेथील मुत्सद्द्यांना द्रव्य देऊन खानाच्या पोटातले काढून आणण्यास सांगितले. परंतु १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात हीच दोन नावे उलट तीरांवर उभी आहेत. तेथे पंताजी गोपीनाथ हा खानाचा वकील आहे. महाराज त्याला रात्री एकांतात भेटतात, धर्माची आण घालतात, हिवरे गाव इनाम देण्याचे वचन देतात, आणि तो महाराजांचा होतो. कृष्णाजी भास्कर तेथे महाराजांचा विश्वासू आहे, आणि अन्य कथनांत तोच कृष्णाजी खानाच्या बाजूने तलवार उपसून उभा राहतो. संशोधकांनी कागदपत्रे ताडून सभासदाचा पक्ष ग्राह्य धरला हे योग्यच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या एक माणूस स्वामिनिष्ठ वकील म्हणून आणि फिरलेला वकील म्हणून असा दोन्ही प्रकारे वाचला गेला, आणि त्याची बाजू मांडणारी त्याची स्वतःची जबानी मात्र कोठेच नाही. जो दोन दरबारांच्या मध्ये खलबते करतो त्याच्या वाट्याला हेच येते. त्याने केलेल्या कार्याचे फळ राज्याला मिळते, आणि तो कोण होता हे ठरवण्याचे काम परक्या लेखण्यांकडे जाते.

असत्याच्या क्षम्यतेविषयी मात्र आपल्या शास्त्रांत संदिग्धता फारशी नाही. कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली, दरोडेखोरांनी येऊन विचारले, कौशिकाने खरे ते सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. युरोपात कांटने १७९७ साली नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहून, खुनी माणूस दाराशी येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारीत असला तरीही असत्य बोलण्याचा अधिकार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे कौशिकाला त्याने निर्दोष ठरवले असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याच्या या अपवादांचा आपल्या आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही नीतिशास्त्रांच्या आधारे विस्तृत ऊहापोह केला आहे, आणि तो वाचल्यावर कांटचा मार्ग स्वीकारणे मला तरी शक्य होत नाही. शत्रूच्या हेराला खोटी बातमी देऊन एखाद्या शहरातली माणसे वाचत असतील, तर ती बातमी न देणारा आपल्या जिभेची शुद्धता दुसऱ्याच्या रक्ताने राखतो.

पण येथे थांबणारे लोक शास्त्राचा अर्धाच भाग वाचतात. याज्ञवल्क्यस्मृतीने, जिच्यावरील मिताक्षरा महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली, साक्षीदाराला असे सांगितले आहे की जेथे सत्य बोलल्याने मनुष्यवध होणार असेल तेथे त्याने असत्य बोलावे. आणि लगेच पुढे असे सांगितले आहे की त्या असत्याच्या शुद्धीसाठी सरस्वतीला चरू अर्पण करावा. मनूनेही वाग्देवतेची हीच इष्टी सांगितली आहे. या स्मृतींतील वर्णभेद मला मुळीच मान्य नाही, पण या एका विधीतील नैतिक दृष्टी फार सूक्ष्म आहे असे म्हटल्यावाचून राहवत नाही. असत्य बोलण्याची आज्ञा शास्त्रानेच दिली, ती पाळणाऱ्याने कर्तव्यच केले, आणि तरीही वाणीला काही इजा झाली, ती भरून काढलीच पाहिजे. धर्मराजालाही हेच भोगावे लागले. द्रोणांना अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य सांगताच त्याचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ जमिनीला टेकला, आणि स्वर्गारोहणपर्वात त्याला काही काळ नरक पाहावा लागला, तो याच कारणाने, असे इंद्राने त्याला सांगितले. पांडवांचा पक्ष न्यायाचा नव्हता असे महाभारत म्हणत नाही. न्यायाच्या पक्षालाही या ऋणातून माफी नाही एवढेच ते म्हणते.

आता आपला हिशेबनीस ही इष्टी कोठे करणार? तिच्यासाठी निदान एवढे उघड कबूल करावे लागते की मी असत्य बोललो. त्याला ते कोणापुढेच बोलण्याची मुभा नाही. शास्त्राने ज्याला प्रायश्चित्त सांगितले त्या साक्षीदाराचे असत्य एका प्रसंगाचे होते. याचे वर्षानुवर्षांचे आहे, आणि ते संपल्यावरही मौनाची अट कायम राहते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला महाभारतातील शल्याकडे वळावे लागते, कारण उभयवेतनाची इतकी पूर्ण आकृती अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

मद्रदेशाचा राजा शल्य हा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो आपले सैन्य घेऊन पांडवांना मिळण्यासाठीच निघाला होता. वाटेत जागोजागी उत्तम मंडप, अन्नपाणी, सेवक यांची व्यवस्था पाहून तो संतुष्ट झाला, आणि ही सिद्धता करणाऱ्या युधिष्ठिराच्या माणसांना पारितोषिक द्यावे असे त्याला वाटले. तेव्हा दुर्योधन पुढे आला, कारण मंडप त्याचे होते, आणि शल्याने दिलेल्या वचनाचा आधार घेऊन त्याने त्याला आपल्या पक्षात ओढले. सामान्य माणूस या व्यवहारात कसा सापडतो याचे हे यथार्थ चित्र आहे: आरंभी कोणी देश विकत नाही, एका पाहुणचाराचा स्वीकार होतो, आणि तो कोणाचा होता हे मागाहून कळते. शल्य तसाच उपप्लव्याला गेला आणि घडलेले सारे त्याने भाच्याला सांगितले. युधिष्ठिराने त्याला वचन मोडण्यास सांगितले नाही. तो म्हणाला, आपण दिलेला शब्द पाळावा. पण कर्णार्जुनांच्या युद्धात आपल्याला कर्णाचे सारथ्य करावे लागेल, त्या वेळी आपण अर्जुनाचे रक्षण करावे आणि कर्णाचा तेजोवध करावा. आणि ही मागणी करताना त्या धर्मराजाने आपल्या मामाला स्पष्ट सांगितले की हे करण्याजोगे नाही, अकर्तव्य आहे, तरीही माझ्यासाठी आपण करावे.

ही कबुली मला सर्व प्रकरणाचे मर्म वाटते. युधिष्ठिराला हे कृत्य देशकार्य म्हणून, पुण्य म्हणून, शौर्य म्हणून शल्याच्या गळ्यात घालता आले असते. त्याने ते केले नाही. मागणाऱ्याने मागतानाच त्याला त्याच्या खऱ्या स्वरूपात उभे केले, आणि असे करताना त्यातल्या दोषाचा वाटा स्वतःकडे घेतला. करणाऱ्याला निदान एक मनुष्य असा राहिला की ज्याला पूर्ण सत्य ठाऊक होते.

पुढची कथा अधिक कठीण आहे. सतराव्या दिवशी शल्य कर्णाच्या रथावर बसला आणि हंस-कावळ्याच्या गोष्टीपासून अनेक मर्मभेदी वाक्यांनी त्याने कर्णाचे मन खच्ची केले. पण त्याच युद्धात कर्णाने सर्पमुख बाण अर्जुनाच्या कंठावर रोखला तेव्हा शल्याने त्याला सांगितले की हा बाण कंठापर्यंत पोचणार नाही, नेम पुन्हा साध. ते वचन खरे होते. बाणाने केवळ किरीट उडाला. एकदा घेतलेला नेम आपण बदलत नाही, असे म्हणून कर्णाने ते मानले नव्हते. त्या क्षणी शल्य कोणाचा होता? भाच्याला दिलेल्या वचनाप्रमाणे त्याने गप्प राहायला हवे होते. मला वाटते, ज्याच्या शेजारी बसून मनुष्य रोज घोड्यांचे लगाम धरतो, ज्याचा घाम आणि ज्याचे भय जवळून पाहतो, त्याच्याविषयीही एक ऋण उत्पन्न होते, आणि दोन वेतने घेणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात ती दोन्ही ऋणे खरी असतात. अठराव्या दिवशी शल्य कौरवांचा सेनापती झाला, आणि त्याचा वध झाला तो युधिष्ठिराच्या हातून. ज्याने त्याच्याकडून अकर्तव्य करवून घेतले त्यानेच त्याला मारले. व्यासांनी यावर भाष्य केलेले नाही.

या शतकानुशतकांपूर्वीच्या आकृतीचे आधुनिक रक्तमांसातले रूप पाहावयाचे असेल तर ह्वान पुजोल या स्पॅनिश माणसाचे चरित्र पाहावे. १९१२ साली बार्सिलोनात जन्मलेला हा मनुष्य कुक्कुटपालन, हॉटेलची व्यवस्था असले उद्योग करीत होता. हिटलरविषयीच्या तिटकाऱ्याने तो माद्रिदमधील ब्रिटिशांकडे हेरगिरीसाठी गेला. त्यांनी त्याला परत पाठवले. मग तो जर्मनांकडे गेला, त्यांचा विश्वास त्याने संपादन केला, आणि इंग्लंडला जातो असे सांगून लिस्बनमध्ये बसून प्रवासी मार्गदर्शिका व वेळापत्रके यांच्या आधाराने इंग्लंडमधल्या खोट्या बातम्या धाडू लागला. १९४२ साली ब्रिटिश प्रतिहेरखात्याने त्याला लंडनला आणले, आणि टोमास हॅरिस या स्पॅनिश जाणणाऱ्या अधिकाऱ्याच्या साहाय्याने त्याने सत्तावीस काल्पनिक हेरांचे एक जाळे कागदावर उभे केले. नॉर्मंडीची चढाई म्हणजे केवळ हूल आहे, खरा हल्ला पा-द-कॅलेवर होणार आहे, हा त्याचा जून १९४४ मधील संदेश जर्मनांनी खरा मानला आणि मोठे सैन्य तेथे अडकवून ठेवले. त्याच वर्षी जर्मनीने त्याला आयर्न क्रॉस दिला आणि ब्रिटनने एम.बी.ई. हा किताब दिला. असंख्य सैनिकांचे प्राण या असत्याने वाचले, यात मला शंका नाही.

परंतु त्या असत्याची किंमत कोठे वसूल झाली ते पाहावे. जर्मनीचे उडते बाँब लंडनवर पडू लागले तेव्हा ते कोठे पडत आहेत हे जर्मनांनी आपल्या हेरांना विचारले, आणि या उभयवेतनांच्या द्वारे असे अहवाल पाठवण्यात आले की जेणेकरून बाँबांचा पल्ला मध्य लंडनच्या अलीकडे, दक्षिणेच्या वस्त्यांकडे सरकावा. कौशिकाने सत्य बोलून माणसे मारली. येथे असत्य बोलून कोणी मरावे हे ठरवले जात होते. मंत्रिमंडळातही यावर आक्षेप घेण्यात आला होता, आणि तो आक्षेप मला अजून अनुत्तरित वाटतो.

आणि दुसरी वसुली त्याच्या घरात झाली. त्याची पत्नी आरासेली परक्या शहरात, परक्या भाषेत, मुलांसह कोंडल्यासारखी राहत होती. आईला भेटायला स्पेनला जाण्याची परवानगी तिला मिळत नव्हती. १९४३ च्या जूनमध्ये तिने संतापून स्पॅनिश वकिलातीत जाऊन सारे उघड करण्याची धमकी दिली. तेव्हा खुद्द पुजोलच्या सूचनेवरून असा बनाव रचण्यात आला की तिच्या वागण्यामुळे त्याला अटक झाली आहे. तिला डोळे बांधून बंदिशाळेत नेण्यात आले, कैद्याच्या पोशाखातला नवरा दाखवण्यात आला, आणि पुन्हा असे करणार नाही अशी लेखी कबुली तिच्याकडून घेण्यात आली. जी कला त्याने हिटलरच्या अधिकाऱ्यांसाठी कमावली होती ती त्याने मुलांच्या आईवर चालवली. युद्ध संपल्यावर १९४९ साली अंगोलात हिवतापाने आपण मेलो अशी बातमी त्याने उठवली. पत्नी आणि मुले ते खरे धरून जगली, आणि तो व्हेनेझुएलात दुसरा संसार करून राहिला. १९८४ साली एका ब्रिटिश लेखकाने त्याला शोधून काढीपर्यंत त्या मुलांना आपला बाप जिवंत आहे हे ठाऊक नव्हते. कौटिल्याने बायकामुले ओलीस ठेवण्यास सांगितले. ब्रिटिश राज्याने तसे काही सांगितले नव्हते, तरी बायकामुलेच ओलीस राहिली.

हे सर्व महायुद्धात घडले, म्हणून त्याला आपद्धर्माचा आधार तरी आहे. शांतिपर्वात दुष्काळाने गांजलेला विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी उचलतो. चांडाळ त्याला वारंवार बजावतो, विश्वामित्र जीव जगला तरच धर्म जगेल असे म्हणतो, आणि पाऊस पडतो. पाऊस पडल्यावर विश्वामित्राने ते अन्न नित्याचे केले नाही. आजच्या राज्यसंस्थांची स्थिती मात्र अशी आहे की त्यांच्या दृष्टीने दुष्काळ कधीच सरत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत नवीद जमाली नावाच्या तरुणाने, आईवडिलांच्या पुस्तक-व्यवसायात कागदपत्रे मागायला येणाऱ्या रशियन अधिकाऱ्याला जाळ्यात धरण्यासाठी, एफबीआयच्या वतीने उभयवेतनाचे काम केले. नौदलाच्या गुप्तवार्ता शाखेत शिरण्याची आकांक्षाही त्यामागे होती, असे त्याने स्वतःच नंतर पुस्तकात लिहिले आहे. तेथे युद्ध नव्हते, बाँब पडत नव्हते. त्याला मी दोष देत नाही, कारण परक्या हेराला अडवणे हे राज्याचे रास्त काम आहे. पण आपद्धर्म जेव्हा नित्यधर्म होतो तेव्हा अपवादाला मर्यादा घालणारी आपत्तीच नाहीशी होते, आणि मग मर्यादा दुसऱ्या कोणीतरी घालावी लागते.

गांधीजींनी ती मर्यादा शून्यावर आणून ठेवली. १९४२ च्या लढ्यात अच्युतराव पटवर्धनांसारखे कार्यकर्ते भूमिगत राहून काम करीत होते, वेष पालटत होते, खोटी नावे घेत होते. १९४४ साली सुटका झाल्यावर गांधीजींनी त्यांचे धैर्य मान्य केले, पण गुप्तता हे पाप आहे असे सांगून प्रकट होण्याचा सल्ला दिला. सेवाग्राम या मुलखापासून दूर नाही, आणि तेथला हा शब्द येथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी मनोभावे ऐकलेला आहे. मी स्वतः गांधीजींच्या इतका पुढे जाऊ शकत नाही. शेजारी राष्ट्रे हेर पाठवीत असता आपल्या राज्याने उघड्या दाराने बसावे असे मला म्हणवत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातील एक गोष्ट मी सोडू शकत नाही: गुप्तता माणसाला समाजापासून तोडते, आणि तुटलेल्या माणसाच्या सत्यासत्याचा निर्णय करायला कोणी उरत नाही.

वेदान्त म्हणेल की साक्षी आत आहे, बाहेरच्या साक्षीची गरज काय. ज्ञान्याच्या बाबतीत ते खरे असेल. आपला हिशेबनीस ज्ञानी नाही. तो संध्याकाळी परक्या माणसाकडून पाकीट घेतो, ते दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका खोलीत अधिकाऱ्यापुढे ठेवतो, शनिवारी बायकोबरोबर जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला जातो, आणि रांगेत ती जेव्हा विचारते की हल्ली तुमचे चित्त कोठे असते, तेव्हा तो तिसरेच काही सांगतो. त्याची अंतःसाक्ष अशा तीन हिशेबांनी हळूहळू मलिन होणार, हे समजायला शास्त्र लागत नाही. अशा माणसाला एक तरी मनुष्य असा हवा की ज्याच्याशी तो खोटे बोलत नाही, आणि त्याच्या परिस्थितीत तो मनुष्य त्याच्याकडून काम घेणारा अधिकारीच असू शकतो. म्हणून त्या अधिकाऱ्याचे काम केवळ बातमी मिळवण्याचे नाही. तो या माणसाच्या वाणीचा विश्वस्त आहे, आणि त्याने आपल्या माणसाशी कधीही खोटे बोलता कामा नये, बातमीच्या लाभासाठीसुद्धा नाही.

कायद्याला ही दृष्टी अगदीच अपरिचित आहे असे नाही. माफीच्या साक्षीदाराला आपला फौजदारी कायदा माफी देतो ती एकाच अटीवर, की त्याने आपल्याला ठाऊक असलेले सर्व, खरे आणि पूर्ण सांगावे. म्हणजे गुन्ह्यात सामील झालेल्यालाही कायदा न्यायासनापुढे एक जागा देतो, जेथे त्याचे बोलणे पुन्हा खरे होऊ शकते. ब्रिटनने २००० साली केलेल्या कायद्यात गुप्त बातमीदार वापरताना त्याच्या सुरक्षिततेची आणि कल्याणाची दैनंदिन जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकली आहे, आणि त्याच्यावर देखरेख करणारा दुसरा अधिकारी ठरवून दिला आहे. आपल्याकडे इंटेलिजन्स ब्यूरोची मुळे १८८७ पर्यंत जातात आणि रॉ ची स्थापना १९६८ ची आहे, पण या संस्थांच्या कार्यासाठी संसदेने अद्याप स्वतंत्र कायदा केलेला नाही. २०११ साली लोकसभेत एका सदस्याने तसे खाजगी विधेयक आणले होते, ते कायद्यापर्यंत पोचले नाही. जोपर्यंत असा कायदा नाही तोपर्यंत ज्याच्याकडून अकर्तव्य करवून घ्यायचे त्याला ते अकर्तव्य आहे असे सांगण्याचे बंधन कोणावरच नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अशा गृहस्थाकडे जाणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला आरंभीच स्पष्ट सांगावे की आम्ही तुझ्याकडून जे मागतो आहोत ते एरवी कोणी मागू नये असे आहे. नकार देण्याचा आणि मध्येच थांबण्याचा त्याचा हक्क मान्य करावा. त्याच्या अडचणीचा, कर्जाचा किंवा आकांक्षेचा फास त्याच्या गळ्यात घालू नये. आणि त्याच्या घरात ज्या असत्याची गरज नाही ते त्याच्याकडून वदवून घेऊ नये. काम संपल्यावर त्या अधिकाऱ्याने स्वतः त्याच्या घरी जावे, आणि इतकी वर्षे तुमच्या पतीने तुम्हाला जे सांगितले ते आमच्या सांगण्यावरून सांगितले, त्यात त्यांचा दोष असेल तर तो आधी आमचा आहे, असे त्याच्या पत्नीला त्याच्यादेखत सांगावे. राज्याच्या सुरक्षिततेमुळे वीस वर्षे हे सांगता येत नसेल तर एकविसाव्या वर्षी जावे. तो अधिकारी निवृत्त झाला असेल तर त्याच्या जागी असलेल्याने जावे. आणि ती पत्नी तोपर्यंत हयात नसेल, तर तिच्या मुलांकडे जावे.